रिकाम्या रस्त्याचा अंदाज

"वहिनी, पानी मांडीले लागलं न," टेलिफोनमधून गुलाबराव मडावींचा आवाज आला. "आपला रेडा कुठवर पोचला?"

"अगदी जवळ आलाय, भाऊजी. तुम्ही बोलत राहा."

बोलत राहा म्हणण्यापलीकडे विशाखा रामटेकेला आज काही काम ठेवलेलं नव्हतं. एरवी चंद्रपूरच्या या नियंत्रण कक्षात तिच्या शब्दाला वजन होतं. खाणीपासून इथपर्यंतच्या संगणक-जाळ्यात कोणती माहिती किती उशिरा पोचेल, याचं गणित तिनं बांधलं होतं आणि सगळा कारभार त्या गणितावर चालत होता. आज जाळं सुरळीत होतं. आलेख सपाट होते. म्हणून कक्षाचे प्रमुख उमरेडकर साहेब यांनी तिच्या हातात हा काळा, जुनाट रिसीव्हर दिला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्याला धीर द्या. बाकी सिस्टीम बघून घेईल."

पारडगाटाच्या कोळसा खाणीत माणसानं कोळसा खणणं केव्हाच बंद झालं होतं. खाली यंत्रं खणायची आणि त्यांचे चालक इथे, वातानुकूलित केबिनमध्ये, खुर्चीत बसून त्यांना हाकायचे. माणूस खाली उतरायचा तो फक्त दुरुस्तीला. आज सकाळी फिटर गुलाबराव असेच एक पंप बघायला उतरले. शेजारच्या बंद पडलेल्या जुन्या खाणीत साचलेलं पाणी भिंत फोडून आत घुसलं, छत कोसळलं आणि गुलाबराव एका आंधळ्या, पुढे वाट नसलेल्या बोगद्यात कोंडले गेले. नशीब एवढंच, की त्या बोगद्यात जुना टेलिफोन होता. खाणीच्या कायद्यात होता म्हणून तो कोणी काढला नव्हता. रेल्वेच्या फाट्याच्या कडेनं आलेली त्याची तांब्याची तार थेट या कक्षात येत होती.

गुलाबराव आणि मोकळा बोगदा यांच्यामध्ये आता कोळशाची एक भिंत होती. ती पलीकडून कापायला सगळ्यात जवळ असलेलं यंत्र लावलं होतं. दातेरी ड्रम फिरवत, धापा टाकत पुढे घुसणारं ते धूड. कंपनीनं त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं, पण सगळे त्याला रेडाच म्हणत. रेड्याचा आजचा चालक होता अश्वजित. विशाखाचा नवरा आणि माणसं खाली उतरायची त्या काळातला गुलाबरावांचा जोडीदार. एका डब्यातलं जेवलेले हे दोघे.

विशाखाच्या शेजारच्या खुर्चीवर गुलाबरावांची बायको शेवंता बसली होती. तिची नजर समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावरून हलत नव्हती. पडद्यावर रेडा कोळसा खात पुढे सरकत होता.

"जराक लवकर नाई का करता येत?" तिनं विचारलं.

"लवकरच करून राहिले आहेत, बाई," विशाखा म्हणाली. 

खाण इथून हाकेच्या अंतरावर नसली तरी फार लांबही नव्हती. पण रेड्याच्या कॅमेऱ्यातलं चित्र काही सरळ रस्त्यानं येत नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता पडतो. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. पॅकेटच्या वाटेत चौक लागतात. पूर्वी प्रत्येक चौकातलं यंत्र आपल्या अकलेनं ठरवायचं, की आलेलं पॅकेट कुठल्या रस्त्याला लावायचं. नव्या जाळ्यात चौकांची ही अक्कल काढून घेतली होती आणि एकाच जागी, एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवली होती. त्याचं नाव नियंत्रक. तो सगळं जाळं वरून बघायचा आणि चौकांना हुकूम सोडायचा. त्याच्या मनात आलं तर पारडगाटाचं पॅकेट नागपूर फिरून चंद्रपूरला यायचं, आणि तरी लवकर यायचं.

आता पॅकेटला उशीर का होतो? तारेतून धावायला काही वेळ लागतो, चौकात पत्ता वाचायला काही वेळ लागतो, पण हे वेळ ठरलेले असतात. खरा बेभरवशाचा वेळ असतो तो चौकातल्या रांगेत थांबण्याचा. पुढे कोण किती सामान घेऊन उभं आहे, त्यावर सगळं अवलंबून. ही रांग आधीच ओळखता आली तर? विशाखानं तेच केलं होतं. वर्षानुवर्षांच्या मोजणीवर तिनं एक मॉडेल शिकवून तयार केलं. जाळ्याचा नकाशा आणि गर्दी दाखवली की ते सांगायचं, या क्षणी या वाटेनं येणारं पॅकेट इतकं उशिरा येईल.

मग त्यावर उभा राहिला 'आत्ताचा पडदा'. खाणीतून चित्र येतं ते येईपर्यंत शिळं झालेलं असतं. किती शिळं, हे मॉडेल सांगतं. तेवढ्या वेळात यंत्र किती पुढे गेलं असेल, याचा हिशेब करून पडदा चित्रातलं यंत्र तितकंच पुढे सरकवतो. चालकाला दिसतं ते 'आत्ता'. म्हणजे आत्ताचा अंदाज. पण अंदाज इतका चोख असायचा, की आपण अंदाज बघतो आहोत हेच चालक विसरून जायचे.

अश्वजित मात्र विसरत नव्हता. सुरुवातीला तो घरी येऊन चिडायचा. "डोळ्यात धूळ फेकतं तुझं मॉडेल," म्हणायचा. विशाखानं जेवताना, झोपताना, भाजी निवडताना त्याचं डोकं खाऊन त्याला पटवलं होतं. एकदा पटल्यावर मात्र गडी पूर्ण शरण गेला. पडद्यावर डोळे, दांड्यांवर हात, मनात शंका नाही. आज सगळ्यात अवघड खुर्चीवर त्याला बसवलं होतं ते म्हणूनच.

"वहिनी, रेड्याचा आवाज लई मोठा येऊन रायला," गुलाबराव म्हणाले. रिसीव्हरमधून ड्रमची घरघर विशाखालाही ऐकू आली. घरघर, मग दाते कोळशात घुसल्याचा कर्कश आवाज, मग पुन्हा घरघर. तिनं सहज पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर ड्रम अजून भिंतीला लागायचा होता.

आणि मग लागला. कर्कश आवाज तोवर होऊन गेला होता.

भास असेल, असं तिला वाटलं. रेडा मागे आला, पुन्हा पुढे निघाला. तिनं श्वास रोखून ऐकलं. आधी कानात दाते घुसले, मग पडद्यावर. मधे चांगली 'एक' म्हणण्याइतकी फट होती.

 तांब्याच्या तारेत पॅकेटं नसतात, चौक नसतात, रांग नसते. बोगद्यात झालेला आवाज त्याच क्षणी इथे येतो. पडदाही 'आत्ता' दाखवत असेल, तर आवाज आणि चित्र एकत्र यायला हवं. येत नव्हतं. म्हणजे पडद्यावरचं 'आत्ता' खरं नव्हतं. खरा रेडा पडद्यावरच्या रेड्याच्या पुढे होता.

"भाऊजी, एक काम करा. ड्रमचा आवाज थांबला की लगेच 'हो' म्हणा."

"हो," गुलाबराव म्हणाले. पडद्यावर ड्रम फिरतच होता. मग थांबला. फट मघापेक्षा वाढली होती.

तिनं घाईघाईनं मोजणीचा आलेख उघडला. आलेख सपाट, देखणा. उशीर नेहमीइतकाच. असं कसं होईल? आणि मग तिला लख्ख दिसलं, कसं होईल ते.

खाणीत उपग्रहाची वेळ पोचत नाही, त्यामुळे चित्राच्या पॅकेटवर भरवशाचा वेळेचा शिक्का मारता येत नाही. मोजणीसाठी जाळ्यात वेगळे छोटे दूत सोडायचे. ते खाणीपर्यंत जाऊन परत येतात, त्यांच्या फेरीवरून उशीर काढायचा. पूर्वी गर्दीत हे दूत हरवायचे आणि आलेखात भोकं पडायची. सोमवारच्या बैठकीत उमरेडकर साहेब त्या भोकांवरून सगळ्यांना फैलावर घ्यायचे. वैतागून विशाखाच्या टीमनं दूतांना हिरव्या रांगेत टाकलं. हिरवी रांग म्हणजे प्रत्येक चौकात सगळ्यांच्या आधी निघायचा परवाना. भोकं बंद झाली, साहेब खूश झाले आणि विषय संपला. हे तिच्या टीममधल्या सगळ्यांना माहीत होतं. तिलाही. पण मॉडेल याच दूतांकडून शिकतं आहे, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. लाल दिव्याच्या गाडीतून जाणाऱ्या मंत्र्याला विचारावं, वर्धा रोडवर गर्दी कशी आहे, आणि तो म्हणाला 'अजिबात नाही', की लिहून घ्यावं, तसला प्रकार.

एरवी रेड्याच्या रांगेत दुसरं कोणी नसायचंच, म्हणून हे कधी उघडं पडलं नाही. आज मात्र त्याच रांगेत बचावकार्याच्या नावाखाली सगळे घुसले होते. नागपूर बघत होतं, मुंबई बघत होती, कंपनीचं मुख्यालय बघत होतं, आणि प्रत्येकाला आपली वेगळी, स्वच्छ, मोठी प्रत हवी होती. बघणाऱ्यांची गर्दी वाढत होती तसं अश्वजितचं चित्र मागे पडत होतं. आणि हिरवे दूत मजेत ये-जा करत सांगत होते, रस्ता रिकामा आहे.

तिनं रिसीव्हर शेवंताच्या हातात दिला. "बाई, यांच्याशी बोलत राहा. थांबू नका." आणि ती उमरेडकरांकडे धावली.

ऐकता ऐकता साहेबांचा चेहरा उतरला. माणूस आलेखवेडा होता, पण मूर्ख नव्हता. "किती मागं आहे?"

"सारखं वाढून राहिलंय. साहेब, बघणाऱ्यांची चित्रं तोडा. रांग रिकामी झाली की पडदा खरा होईल."

"आणि मग? त्यात बचाव विभाग आहे, खाण-सुरक्षावाले आहेत. त्यांच्याकडं अंधार झाला की पहिला हुकूम काय येईल? काम थांबवा. नियमच आहे तो. मग हात लावता येणार नाही कोणाला. पाणी थांबणार आहे का त्यांच्या हुकमानं?"

"मग निदान अश्वजितला सांगू द्या."

"त्याला तर मुळीच नाही. त्याचे हात गळाले तर सगळंच गेलं." त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, तो दीड वीत भिंत ठेवून थांबणार आहे, उरलेली हळूहळू टोचून फोडायची. थोडं मागंपुढं झालं तरी भागेल."

नाही भागणार, हे विशाखाला कळत होतं. रेडा एका सेकंदात वीतभर आत जायचा. दीड वितीतली एक वीत पडद्यानं आधीच खाल्ली होती आणि भूक वाढतच होती. भिंतीपलीकडे पाण्यात, टेलिफोन कानाला लावून, भिंतीलाच टेकलेला एक माणूस होता. चालकाच्या केबिनमध्ये काम चालू असताना कोणी जायचं नाही, असा इथला दंडक. तिनं दार ढकललं.

"अश्वजित, ड्रम थांबव."

त्यानं थांबवला. मान वळवली नाही. "काय झालं?"

"पडदा मागचं दाखवतोय."

"तुझा पडदा?"

"माझा."

"किती मागचं?"

उशीर किती, या प्रश्नाला विशाखानं आजवर कधी दशांश चिन्हाशिवाय उत्तर दिलं नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "आणि चूक माझीच आहे. मॉडेल रिकाम्या रस्त्यावर शिकलंय. आज रस्त्यावर गर्दी आहे."

अश्वजितनं दांड्यांवरचे हात काढले.  तो तिच्याकडे बघतच राहिला. चिडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"विशू, तू म्हणालीस म्हणून मी दुसरीकडं बघणं सोडलं," तो म्हणाला. "आता मी काय बघू? भाऊ तिकडं भिंतीशी आहे. मला काहीतरी बघायला दे."

"देते. मी सांगेपर्यंत दांड्याला हात लावू नकोस."

ती आपल्या टेबलाशी परत आली. नियंत्रकाला द्यायचा नियम एका ओळीचा होता: रेड्याच्या रांगेत रेड्याच्या चालकाचं चित्र, बाकी सगळं बंद. उमरेडकर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, याचा अर्थ कळतो ना तुम्हाला? सगळं तुमच्या अंगावर येईल."

"कळतो, साहेब."  आपण चुकलो तर शेवंताला तोंड कसं दाखवायचं, एवढा एकच विचार तिच्या मनात होता. तिनं कळ दाबली.

भिंतीएवढा पडदा काळा झाला. शेवंतानं किंकाळी फोडली. "माझा मानूस गेला का वो?"

"नाही, बाई, नाही! कानाला लावा फोन. बोलतात का ते?"

शेवंतानं दोन्ही हातांनी रिसीव्हर कानावर दाबला. "बोलून रायले," ती म्हणाली आणि रडायला लागली. "बोलून रायले."

केबिनमध्ये अश्वजितच्या पडद्यावर गर्दीत तुंबून गोठलेलं चित्र सुटलं आणि रेड्यानं टुणकन पुढे उडी मारली. ड्रम जिथे दिसत होता तिथून वीतभर आत. त्यापुढे भिंत उरली होती ती जेमतेम एक वीत. "बाप रे," अश्वजित पुटपुटला. आणखी एक दणका, आणि दाते पलीकडे निघाले असते.

बाहेर उमरेडकरांच्या टेबलावरचे फोन वाजायला लागले. त्यांनी एक उचलला, पलीकडचं ऐकलं, काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग शेवंताकडे. "ऐकू येत नाही, सर. लाइन फार खराब आहे," असं म्हणून त्यांनी तो खाली ठेवला. दुसरा वाजत होता, तो उचललाच नाही.

"बाई, फोन घेऊन दारापर्यंत या," विशाखानं शेवंताला हाक दिली. रिसीव्हरची वायर ताणून ती कशीबशी केबिनच्या दारात पोचली. "आता ड्रम कोळशाला लागल्याचा आवाज आला की ओरडा."

अश्वजितनं ड्रम अगदी हलका टेकवला.

"वाजलं!" शेवंता ओरडली. त्याच क्षणी पडद्यावर कोळशाची ठिणगीएवढी कपची उडाली. पुन्हा टेकवला. "वाजलं!" पुन्हा एकत्र. रस्ता आता खरोखरच रिकामा होता, आणि रिकाम्या रस्त्यावर विशाखाचं गणित चोख होतं. तिला अभिमान वाटायला हवा होता. वाटली ती शरम.

"त्यांना म्हणा डाव्या कोपऱ्यात सरका. भिंतीपासून लांब. काहीतरी घट्ट धरा."

शेवंतानं निरोप दिला. "थे म्हणतात, पानी छातीले आलं. लवकर कर म्हना अश्व्याले."

अश्वजितनं ड्रम बंद करून रेड्याचा पुढचा हात बाहेर काढला. अडकलेला कोळसा उकरायला असतो, तो लोखंडी टोकाचा हात. गुलाबरावांपासून लांबच्या अंगाला त्यानं भिंत टोचायला सुरुवात केली. एकदा. दोनदा. थोडा खाली. कपाळावरचा घाम डोळ्यात जात होता, तो विशाखानं ओढणीनं टिपला. चौथ्या की पाचव्या दणक्याला भिंतीत काळं भोक पडलं, आणि क्षणात ते भोक उरलंच नाही. भिंतच उरली नाही. पाण्याचा लोंढा रेड्याच्या अंगावर आला.

"फोन!" शेवंता म्हणाली. "फोन बंद झाला."

तिघांनीही पडद्याकडे पाहिलं. लोंढा ओसरला. पडद्यावर गढूळ पाणी संथ हलत होतं, त्यातून रेड्याचा लोखंडी हात पुढे आलेला. कोळशाचे तुकडे तरंगत होते. माणूस कुठेच नव्हता.

"थे कुठी हायेत?" शेवंता पुढे आली. "दिसत काहून नाई?"

"वाहून गेला असंल या बाजूला. शोधतो," अश्वजित म्हणाला आणि त्यानं दांडा धरला.

"हलवू नकोस!" विशाखा इतक्या जोरात ओरडली, की तो दचकला. पडद्यावरचं पाणी तिला खटकत होतं. ते फार शहाण्यासारखं हलत होतं. त्याच त्या लाटा, तोच तो तुकडा. रेड्याची चित्र पाठवणारी पेटी पाण्याखाली गेली असणार. पॅकेटं येतच नव्हती, आणि चित्र आलं नाही तर पडदा रिकामं थोडंच सोडतो? मागच्या चित्रावरून पुढचं रंगवत बसतो. मागच्या कुठल्याच चित्रात गुलाबराव नव्हते. अंदाजाला ते माहीतच नव्हते.

तिनं 'आत्ताचा पडदा' बंद केला. जे येईल तेच दाखव, जेव्हा येईल तेव्हा दाखव. समोर काळोख झाला.

"हे काय केलंस?" अश्वजितनं विचारलं.

"थांब ना. माझ्यासाठी नको, भाऊजींसाठी थांब."

 उमरेडकर दारात येऊन उभे होते. बाहेरचे फोन वाजून वाजून गप्प झाले. शेवंतानं बंद पडलेला रिसीव्हर अजून कानालाच लावलेला होता. विशाखाला वाटलं, आपण आयुष्यभर उशीर मोजला, पण उशीर म्हणजे काय ते आज कळतंय.

मग काळोखात एक चौकोन उजळला. शेजारी दुसरा. बाकीचे आलेच नाहीत. फाटक्या, चिखलानं माखलेल्या त्या चित्रात रेड्याचा लोखंडी हात होता आणि त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून एक माणूस लटकला होता. डोक्यावरची टोपी गेलेली, तोंड पाण्याच्या वर, उघडं. ओरडत होता किंवा शिव्या देत होता.

अश्वजितनं दांड्यावरचे हात झटकन उचलले आणि छातीशी धरले. मघाशी त्यानं शोधायला म्हणून रेड्याचा हात फिरवला असता तर, हे त्याच्या आधी त्याच्या हातांना कळलं होतं.

शेवंता पडद्याच्या अगदी जवळ गेली. तिनं नवऱ्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, मग घाबरून काढून घेतलं.

"हे आत्ताचं हाये का?" तिनं विशाखाला विचारलं.

"नाही, बाई," विशाखा म्हणाली. "थोडं मागचं आहे. पण खरं आहे."